कान कापणारी ओळ कुठे गेली?

मेतकूट

गेल्या रविवारी लेकीबरोबर 'अलादीन' बघत बसले होते. जुना, १९९२चा, हाताने काढलेला. तिचं वय आठ, त्यामुळे प्रत्येक गाण्याला सोफ्यावरून उडी. सुरुवातीला उंटावरचा फेरीवाला गायला लागला आणि मीही त्याच्याबरोबर सुरू झाले. मी शाळेत असताना अमेरिकेतल्या मामाने या सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट आणली होती. ती इतकी वाजवली की अर्थ कळायच्या आधी शब्द पाठ झाले. तर, 'तुमचं तोंड आवडलं नाही तर इथे कान कापतात' अशा अर्थाची जी ओळ आहे, ती मी जोरात म्हटली आणि पडद्यावरचा माणूस भलतंच काहीतरी म्हणाला. सपाट अफाट मुलूख, कडक ऊन वगैरे.

लेक म्हणाली, "आई, तू चुकलीस."

मी चुकले नव्हते. सिनेमा चित्रगृहात आला तेव्हा ओळ कान कापणारीच होती. अमेरिकन-अरब अँटी-डिस्क्रिमिनेशन कमिटीने तिला हरकत घेतली. अरब म्हणजे रानटी, ही समजूत लहान मुलांच्या तोंडी गाण्यातून बसवता कशाला, असा त्यांचा मुद्दा. १९९३ साली घरी बघायची व्हिडिओ कॅसेट निघाली तेव्हा डिस्नेने ती एक ओळ बदलली. गायक ब्रूस ॲडलर यांनी नवे शब्द पुन्हा म्हटले. कान देऊन ऐकलंत तर त्या जागी आवाजाचा पोत किंचित बदललेला जाणवतो, चादरीला लावलेल्या ठिगळासारखा. गंमत म्हणजे त्याच्या पुढचीच ओळ, 'रानटी असलं तरी आपलं घर आहे', ही तशीच राहिली. ती जायला २०१९ उजाडलं. माणसं घेऊन केलेल्या नव्या 'अलादीन'मध्ये विल स्मिथ 'रानटी'च्या जागी 'गोंधळाचं' म्हणतो. म्हणजे दोन ओळी दुरुस्त व्हायला सत्तावीस वर्षं.

पण याच सिनेमातलं मला जास्त चटका लावणारं प्रकरण वेगळं आहे. गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकेन यांच्या पहिल्या आराखड्यात अलादीनला आई होती. तिच्यासाठी तो 'प्राउड ऑफ युअर बॉय' गायचा. वाया गेलेला मुलगा आईला सांगतोय की एक दिवस तुला माझा अभिमान वाटेल. ॲशमन १४ मार्च १९९१ला एड्सने गेले, वय ४०. पुढच्याच महिन्यात स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅटझेनबर्ग यांना सिनेमाचा कच्चा आराखडा दाखवला गेला आणि त्यांनी तो जवळजवळ सगळा मोडीत काढला. प्रदर्शनाची तारीख मात्र तीच. आई गेली, आणि आईबरोबर गाणंही गेलं. ज्याने लिहिलं तो भांडायला नव्हता. असता तरी फार काही झालं असतं का, कोण जाणे, कारण गाणं ज्या माणसाला उद्देशून आहे तोच गोष्टीत नसेल तर ते उभं कशावर करणार?

आई नसल्याने जी पोकळी झाली ती भरायला गीतकार टिम राइस आले. 'वन जंप अहेड' आणि 'अ होल न्यू वर्ल्ड' त्यांची. या दुसऱ्या गाण्याची चाल मेंकेन यांनी आधीच केलेली होती आणि तिच्यावर कामचलाऊ शब्द होते, 'जग माझ्या पायाशी' अशा अर्थाचे. राइस यांनी पाय काढले आणि आख्खं नवं जग आणलं. पुढे ऑस्कर, ग्रॅमी सगळं मिळालं त्याला. आईचं गाणं रंगमंचावरच्या 'अलादीन'मध्ये परत आलं. ते नाटक २०१४ला ब्रॉडवेवर लागलं. तिथे आई वारलेली आहे आणि मुलगा तिच्या आठवणीत गातो. शब्द जवळपास तेच, पण आता ते वचन ऐकायला समोर कुणी नाही. मला तर हे जास्त पोचतं.

माझं म्हणणं असं की गाणं वाईट असतं म्हणून फार क्वचित जातं. त्याच्या पायाखालची गोष्ट सरकते. तुम्हाला अशी गाळलेली, बदललेली, परत आणलेली गाणी माहीत असतील तर लिहा.

---

खारीकखोबरं

वाखूसा (वाचनखूण साठवली). रात्री सावकाश वाचते.

---

गवती_चहा

मस्त धागा. एक बाळबोध शंका. ॲनिमेशनमध्ये एक एक चित्र काढायचं म्हणजे केवढा उपद्व्याप. मग एवढं काढून झाल्यावर गाणं टाकून देणं परवडतं कसं? आपल्याकडे शूटिंग झालेलं गाणंसुद्धा निर्माता जिवाच्या करारावर ठेवतो.

---

लाइटबॉक्स

@गवती_चहा, पोटापाण्याचा प्रश्न विचारलात म्हणून लिहितो. मी पुण्यात याच धंद्यात आहे, लहान मुलांच्या गाण्यांचे व्हिडिओ करतो. डिस्नेशी आमचा संबंध हत्ती आणि मुंगीचा, पण पद्धत तीच.

बहुतेक गाणी काढून होण्याआधीच मरतात. गीतकार-संगीतकार पियानोवर स्वतःच्या आवाजात डेमो करतात. स्टोरीबोर्डवाले त्यावर पेन्सिलीची चित्रं लावतात. ती चित्रं एकामागे एक, कामचलाऊ आवाजांसकट जोडली की झाली स्टोरी रील. आख्खा सिनेमा असा कच्चा बघायचा, नावं ठेवायची, फोडायचा, परत जोडायचा. हे वर्षानुवर्षं चालतं. या टप्प्यावर गाणं गेलं तर गेले थोडे कागद आणि गीतकाराची झोप. मेतकूटताईंचं आईचं गाणं याच टप्प्यावर गेलं.

एकदा का ॲनिमेशन सुरू झालं की मात्र हिशोब बदलतो. सेकंदाला २४ फ्रेम. हाताने काढताना साधारण एक चित्र दोन फ्रेमना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तीन मिनिटांच्या गाण्यात सतत हलणारं एकच पात्र धरलं तरी २१६० चित्रं. त्यात कच्चं रेखाटन वेगळं, क्लीनअप म्हणजे त्यावरून स्वच्छ रेघा काढणं वेगळं. आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधलं 'बी अवर गेस्ट' आठवा. बशा, चमचे, काटे, मेणबत्त्या, सगळे नाचतायत.

आता ऐका. ते गाणं आधी बेलसाठी नव्हतंच. तिच्या बापासाठी होतं, मॉरिससाठी. वाट चुकून महालात आलेल्या म्हाताऱ्यापुढे हा सगळा थाट. काम बरंच पुढे गेल्यावर ब्रूस वुडसाइड नावाच्या स्टोरी आर्टिस्टने विचारलं, हे बापासाठी का? गोष्ट तर मुलीची आहे. खोलीतल्या सगळ्यांना कळलं की हा बरोबर बोलतोय, आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला असणार. पण बदललं. पुरुषाला उद्देशून असलेले शब्द बाईला उद्देशून केले, परत ध्वनिमुद्रण, परत चित्रं. आज तो सिनेमा बापाच्या गाण्यासकट कल्पून बघा. होतच नाही.

आमच्याकडची गंमत. एका बालगीतात 'सूर्यदादा' होता. लिपसिंक, म्हणजे शब्दांप्रमाणे ओठ काढणं, झाल्यावर ग्राहकाचा फोन, सूर्यदादाऐवजी चांदोबा करा, मुलं रात्री बघतात. प-फ-ब-भ-म आलं की ओठ मिटायला लागतात, त्यामुळे 'बा'ला ओठ मिटले नाहीत तर तीन वर्षांच्या पोरालाही काहीतरी चुकतंय हे कळतं. दोन रात्री ओठ काढले. शिवाय आकाश निळ्याचं काळं. त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत.

---

गवती_चहा

:D :D सूर्यदादा गेला याचं वाईट वाटलं. शंका फिटली, आभार.

---

कुल्फीवाली_शमा

आमच्या घरी तीन वर्षं रोज 'फ्रोझन' लागत असे, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला नैतिक अधिकार आहे.

मेतकूट, तुझ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद देते. गोष्ट सरकते म्हणून गाणं जातं, बरोबर. पण 'लेट इट गो'च्या बाबतीत उलटं झालं. त्यातली बर्फाची जादू असलेली बहीण एल्सा मुळात खलनायिका होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या नवरा-बायकोने ते गाणं लिहिलं, स्टुडिओत सगळ्यांनी ऐकलं, आणि लक्षात आलं की हे गाणारी बाई दुष्ट असूच शकत नाही. ही घाबरलेली मुलगी आहे आणि आत्ता पहिल्यांदा मोकळा श्वास घेते आहे. मग दिग्दर्शक-लेखिका जेनिफर ली यांनी गोष्टच फिरवली, पहिला भाग नव्याने लिहिला. म्हणजे इथे गाणं बसून राहिलं आणि गोष्ट उठून त्याच्याकडे गेली.

त्याची किंमत बाकीच्या गाण्यांनी भरली. दोघी बहिणींचं महालात एक कडाक्याचं भांडण होतं, 'लाइफ्स टू शॉर्ट'. एल्सा चांगली झाल्यावर ते भांडण खोटं वाटायला लागलं. ते काढून तिथे 'फॉर द फर्स्ट टाइम इन फॉरेव्हर'चाच दुसरा अवतार आला, ज्यात एक बहीण समजावते आणि दुसरी ऐकतच नाही. आणि जे गाणं ऐकून आया पदर शोधतात, ते बंद दाराबाहेरचं 'स्नोमॅन', तेही मध्यंतरी सिनेमाबाहेर काढलं होतं! स्टुडिओतल्याच लोकांनी ते परत आणायला लावलं.

गाळलेली काही गाणी नंतर मोठ्या अल्बममध्ये दिली आहेत. ऐका. चांगली आहेत, आणि तरीही ती सिनेमात का नाहीत हे लगेच कळतं.

---

मेतकूट

@शमा, हा अपवाद मान्य, दंडवत. पण मग माझं वाक्य थोडं वाकवते. गाणं आणि गोष्ट यांतलं एक कोणीतरी हलतं. दोघं एकाच जागी खिळून राहिली असं झालेलं दिसत नाही.

---

दादर_पूर्व

इतकं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू टाकतो. निम्म्या वेळा कारण गोष्ट-बिष्ट नसते. प्रेक्षक चाचणी असते. खोलीत पोरं बसवायची, ती चुळबुळली की गाणं कापायचं.

'द लिटल मर्मेड'मधलं 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' घ्या. एरियल गुहेत बसून गाते ते. चाचणीच्या खेळात मुलं अस्वस्थ झाली, आणि तेव्हा ते बरंचसं पेन्सिलीत, बिनरंगाचं होतं. कॅटझेनबर्ग म्हणाले काढा. ॲशमन, दोन्ही दिग्दर्शक आणि ॲनिमेटर ग्लेन कीन अडून बसले म्हणून वाचलं. रंग भरून पुन्हा दाखवलं तर पोरं गप्प. त्याच्या पन्नास वर्षं आधी 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधलं इंद्रधनुष्याचं गाणं असंच कापलं जाता जाता राहिलं.

आणि सगळीच वाचत नाहीत. 'पोकाहोन्टास'मधलं 'इफ आय नेव्हर न्यू यू' चाचणीत मुलं कंटाळली म्हणून गेलं. दोघं प्रेमी कैदेत शेवटचं भेटतायत, सिनेमाचा सगळा जीव त्या जागी, आणि तिथलं गाणंच गायब. दहा वर्षांनी, २००५च्या डीव्हीडीवर परत घातलं. तोवर ज्यांनी बघायचं त्यांनी बघून झालं होतं.

पोरांच्या चुळबुळीवर शास्त्रीय संगीताची मैफल ठरवली असती तर भीमसेनांचा षड्जसुद्धा एडिट झाला असता.

---

लाइटबॉक्स

@दादर_पूर्व, शेवटच्या वाक्याला टाळ्या. पण 'पोकाहोन्टास'चं गाणं काढा असं स्वतः मेंकेनच म्हणाले होते बरं का. चाल त्यांचीच. चुळबुळ त्यांनाही दिसली.

---

दादर_पूर्व

मग त्यांचंही चुकलं. :)

---

तिसरी_घंटा

तरुण मंडळींचं वाचून मजा वाटली. आमची सगळी हयात संगीत नाटकाच्या विंगेत गेली, म्हणून चार ओळी.

चाल आधी आणि शब्द नंतर हे आम्हाला नवीन नाही. १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्या चालींवर पदं बांधली. 'सौभद्र' आजही लागतं, पण अण्णासाहेब किर्लोस्करांनी लिहिलेली सगळी पदं कोण गातं? पहाट होईल. दर पिढी आपल्या घड्याळाप्रमाणे पदं गाळत आली.

फरक एवढाच की आमच्याकडे दुरुस्ती प्रेक्षकांसमोर व्हायची. पद पडलं तर त्या रात्री कळायचं, वन्स मोअर आला तर त्याच रात्री वाढायचं. गायकाने मंगळवारी एक जागा घेतली आणि शनिवारी दुसरी, तर दोन्ही खऱ्या. या मंडळींना तसं नाही. चार वर्षं बंद खोलीत वाद घालायचा आणि मग जे उरेल ते कायमचं. मला ते फार एकाकी वाटतं. म्हणूनच बहुधा नंतरही हात शिवशिवत असावेत. मेतकूट, तुमच्या आईच्या गाण्याला शेवटी रंगमंचच मिळाला, हे वाचून आम्हाला साहजिकच बरं वाटलं.

---

खारीकखोबरं

काका, लिहीत जा हो अधूनमधून.

---

पाववडा_नव्हे_वडापाव

'लायन किंग'वाले कुणीच नाही का? मी आहे.

१) 'हकूना मटाटा'च्या जागी आधी रानडुकराचं वेगळंच गाणं होतं, 'वॉर्टहॉग ऱ्हॅप्सडी'.
२) 'कॅन यू फील द लव्ह टुनाइट' हे एका टप्प्यावर फक्त टिमॉन आणि पुंबा गाणार होते. म्हणजे टवाळी. एल्टन जॉन यांनी ते बघितलं आणि आपलं प्रेमगीत एका गलेलठ्ठ रानडुकराच्या तोंडी ऐकून ते भडकले. मग प्रेमी जोडीला गाणं परत मिळालं आणि टवाळांना सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळी. माझ्या मते ही वाटणी दोन्ही आधीच्यांपेक्षा सरस. नुसतं प्रेम असतं तर साखर जास्त झाली असती.
३) २००३च्या डीव्हीडीवर झाझूचं 'मॉर्निंग रिपोर्ट' हे ब्रॉडवेच्या नाटकातलं गाणं नवीन चित्रं काढून घुसडलं. पुढच्या आवृत्तीत मुकाट्याने मूळ प्रत मुख्य सिनेमा म्हणून परत आली. काही गाणी गाळतात ती बरोबरच गाळतात.

---

कुल्फीवाली_शमा

याचं भावंड 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधलं 'ह्यूमन अगेन'. नोकर-चाकर 'आम्ही परत माणसं होऊ' म्हणून गातात. लांबलचक होतं, शिवाय एवढ्या काळात बेलचा बाप काय करत होता असा प्रश्न पडायचा, म्हणून काढून आटोपशीर 'समथिंग देअर' घातलं. १९९४ला नाटकात आलं, मग २००२ला आयमॅक्ससाठी नव्याने ॲनिमेट करून सिनेमात. मला आवडतं. पण ते आलं की गोष्ट मांडी घालून बसते, हेही खरं.

---

समास

प्रदर्शनाआधीचे बदल समजू शकतो. ती कारागिरी आहे. पण लोकांनी पाठ केलेली ओळ नंतर बदलायची? २०२३च्या नव्या 'लिटल मर्मेड'मध्ये 'किस द गर्ल'चे शब्द बदलले, का तर मुलाने आधी मुलीला विचारायला हवं. सागरी चेटकिणीच्या गाण्यातलं 'पुरुषांना बडबड्या बायका आवडत नाहीत' छापाचं कडवंच गाळलं. अहो, ती चेटकीण आहे! ती खोटंच बोलणार! उद्या मंथरेलाही सुविचार द्या.

---

मस्कत_डायरी

@समास, चेटकिणीबद्दल तुमच्याशी सहमत. दुष्ट पात्राने दुष्टच बोलावं. पण कान कापायची ओळ वेगळी आहे, आणि फरक कोण म्हणतंय यात आहे. ती ओळ दुष्टाच्या तोंडी नाही. ती कथा सांगणाऱ्याच्या तोंडी आहे, हसत हसत, 'आमच्याकडे असंच असतं' म्हणून. प्रेक्षकाने ती माहिती म्हणून घ्यायची आहे.

मी चौदा वर्षं मस्कतला आहे. माझ्या मुलाचे वर्गमित्र ओमानी, इजिप्शियन, लेबनीज, सगळे. एकाच्या वाढदिवसाला हाच सिनेमा लावला होता. बदललेली प्रत होती म्हणून निभावलं. तरी 'रानटी' शब्दाला मी उगाचच पाण्याचे ग्लास भरायला उठलो. यजमान बाईंनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. आपल्याबद्दलच्या परदेशी सिनेमात साप आणि माकडाचा मेंदू आला की आपण कसे बसतो, तसं.

आणखी एक. गोष्ट आधी बगदादमध्ये घडणार होती. १९९१चं आखाती युद्ध झालं आणि बगदादचं आग्राबा हे काल्पनिक शहर झालं. म्हणजे लोकांना काय खटकेल हे त्यांना कळत होतं, फक्त कुणाला खटकेल याची यादी अपुरी होती.

---

समास

@मस्कत_डायरी, कोण म्हणतंय हा मुद्दा पटला. चेटकिणीच्या बाबतीत मात्र माझी चूल वेगळीच राहू द्या.

---

पाववडा_नव्हे_वडापाव

अवांतर: मोगलीबद्दल कुणी बोललंच नाही. डिस्नेच्या १९६७च्या 'जंगल बुक'ची गाणी आधी टेरी गिल्किसन यांनी केली होती. वॉल्ट डिस्ने यांना ती फार गंभीर वाटली. शर्मन बंधू या गीतकार-संगीतकार जोडीला बोलावून नवी करून घेतली. गिल्किसन यांचं एकच वाचलं, अस्वलाचं 'द बेअर नेसेसिटीज', आणि ऑस्करचं नामांकन मिळालं ते नेमकं त्यालाच!

आणि आपल्या पिढीसाठी मोगलीचं गाणं यातलं एकही नाही. ते गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं, दूरदर्शनवरच्या जपानी मालिकेला हिंदीत लावलेलं. २०१६ला डिस्नेचाच नवा सिनेमा आला तेव्हा हिंदी आवृत्तीच्या प्रसिद्धीसाठी तेच पुन्हा मुद्रित केलं. चड्डी पहनके फूल खिला है. यापुढे ऑस्कर काय चीज.

---

दादर_पूर्व

ज्यांना या सगळ्यातली रक्तपात असलेली बाजू बघायची असेल त्यांनी 'द स्वेटबॉक्स' हा माहितीपट मिळाला तर बघा. गायक स्टिंगने डिस्नेच्या 'किंगडम ऑफ द सन' नावाच्या भारदस्त सिनेमासाठी गाणी केली. सिनेमा मध्येच मोडला आणि त्याचा विनोदी 'द एम्परर्स न्यू ग्रूव्ह' झाला. गाणी गेली पाण्यात. स्टिंगची बायको ट्रूडी स्टायलर हे सगळं चित्रित करत होती. गाणं गेल्याचं फोनवर कळतं तेव्हाचा माणसाचा चेहरा पुन्हा सहसा बघायला मिळत नाही.

---

मेतकूट

सगळ्यांचे आभार. धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं.

काल माळ्यावरून मामाची कॅसेट काढली. शेजाऱ्यांकडे टेप मिळाला. लेकीला शेजारी बसवलं, फेरीवाला आला, ओळ आली. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "कान कापला तर तो गाणं कसं ऐकणार?" मग मस्कत_डायरींनी लिहिलेलं तिला तिच्या भाषेत सांगितलं. तिने विचार केला आणि ऊनवाली ओळ ठेवायचं ठरवलं. मी मात्र अजून जुनीच म्हणते, फक्त मनात.

दुसऱ्या बाजूला 'अ होल न्यू वर्ल्ड'च्या मध्यावर पट्टी अडकली. आता पाव मीटर टेप बाहेर लोंबतेय. काय करू?

---

लाइटबॉक्स

षटकोनी पेन्सिल घाला आणि हलक्या हाताने उलटी फिरवा. सुरकुती पडली असेल तर बोटाने सपाट करून घ्या. ओढू मात्र नका.